बॉम्बने नुकसान झालेले घर, सरकारी भरपाईचा जुना कागद आणि आजचा खरेदीदार

आपला प्रश्न मी समजलो तो असा. पूर्व लंडनमधील ईस्ट हॅम येथे १९०५ च्या सुमारास बांधलेले ओळीतले एक घर आपण दोघे विकत घेत आहात. विक्रेत्याच्या सॉलिसिटरकडून आलेल्या गठ्ठ्यात ‘वॉर डॅमेज कमिशन’चे (युद्धात घरांच्या झालेल्या नुकसानीची भरपाई देणाऱ्या सरकारी आयोगाचे) १९४९ सालचे एक पत्र निघाले असून त्यात ‘कॉस्ट ऑफ वर्क्स’ या सदराखाली ८७ पौंड अदा केल्याची नोंद आहे. त्याखेरीज १९५१ च्या खरेदीखतात युद्धनुकसानीच्या रकमेवरील हक्क विक्रेत्याने स्वतःकडे राखून ठेवल्याचे एक कलम आहे. लंडनच्या बॉम्ब नुकसानीच्या प्रसिद्ध रंगीत नकाशात मात्र आपल्याला आपली गल्ली सापडत नाही, त्यामुळे हे पत्र खरे की खोटे अशी शंका आपल्याला आली आहे. आणि आपल्या मेव्हण्यांचे म्हणणे असे की, सरकारने पैसे दिले म्हणजे सरकारी माणसाने काम तपासलेही असणार, तेव्हा निर्धास्तपणे सही करावी.

मी मूळचा सांगलीचा. गेली सव्वीस वर्षे लंडनमध्ये घरांचे सर्वेक्षण करतो आणि त्यातली बरीचशी घरे आपल्यासारखीच, विसाव्या शतकाच्या आरंभीची, ओळीतली आहेत. आपले घर मी पाहिलेले नाही, त्यामुळे त्याच्या प्रकृतीविषयी मी काहीही ठामपणे सांगू शकत नाही. पत्राचा अर्थ काय आणि त्या अर्थावरून घरात कुठे पाहायचे, एवढे मात्र खात्रीने सांगता येईल. मेव्हण्यांच्या म्हणण्याशी मी सहमत नाही, कारण ते पत्र बिल चुकते झाल्याचा पुरावा आहे. काम कसे झाले याबद्दल ते अवाक्षर काढत नाही.

पैसे कोणाचे होते, इथून सुरुवात करतो, कारण कामाच्या दर्जाचा त्याच्याशी थेट संबंध आहे. स्पेनच्या यादवी युद्धात शहरांवर झालेले बॉम्बहल्ले पाहून ब्रिटिश विमा कंपन्यांनी १९३७ मध्ये आपसांत ठरवून टाकले की, जमिनीवरील मालमत्तेला युद्धाच्या जोखमीचा विमा द्यायचा नाही. एक बॉम्ब पडला तर एक घर जाते, पण एका रात्रीत हजारो घरे जाऊ लागली तर कोणतीही विमा कंपनी उभी राहणार नाही, हा त्यांचा हिशेब होता आणि तो चुकीचा नव्हता. म्हणजे युद्ध सुरू झाले तेव्हा घरमालकाच्या हातात विम्याची पॉलिसी असली, तरी बॉम्बच्या बाबतीत ती कोऱ्या कागदासारखीच होती. (मुंबईकरांना १४ एप्रिल १९४४ चा गोदीतला स्फोट या निमित्ताने आठवेल. तो हल्ला नव्हता, अपघात होता. तरीही भरपाईसाठी सरकारला त्याच वर्षी स्वतंत्र अध्यादेश काढावा लागला.)

७ सप्टेंबर १९४० रोजी लंडनच्या गोदीभागावर मोठा हल्ला झाला आणि पुढे मे १९४१ पर्यंत हल्ले होत राहिले. ही धुमश्चक्री चालू असतानाच, २६ मार्च १९४१ रोजी, ‘वॉर डॅमेज अ‍ॅक्ट’ मंजूर झाला. त्याने हाच ‘वॉर डॅमेज कमिशन’ नावाचा आयोग स्थापन केला; माल्कम ट्रस्ट्रम ईव्ह त्याचे पहिले अध्यक्ष होते आणि १९४९ पर्यंत त्या पदावर राहिले. पुढच्या दुरुस्त्या एकत्र करून १९४३ मध्ये नवा कायदा आला, म्हणून जुन्या खरेदीखतांत कधी १९४१ चा तर कधी १९४३ चा उल्लेख आढळतो. योजना एकच आहे.

या योजनेतले पैसे पूर्णपणे सरकारच्या तिजोरीतून आले असे नाही. प्रत्येक मालमत्ताधारकाला, त्याच्या घरावर बॉम्ब पडलेला असो वा नसो, १९४१ पासून पाच वर्षे सक्तीची वर्गणी भरावी लागली. प्राप्तिकराच्या ‘शेड्यूल ए’खाली घराचे जे वार्षिक मूल्य धरले जाई, त्यावर पौंडामागे दोन शिलिंग असा दर होता, शेतजमिनीला सहा पेन्स. पौंडात वीस शिलिंग असत, म्हणजे वीस पौंड वार्षिक मूल्याच्या घराला वर्षाला दोन पौंड आणि पाच वर्षांत दहा पौंड पडत. वसुली करखाते करी. वर्गणी पुरली नाही तर वरचा भार सरकारचा. स्कॉटलंडच्या एखाद्या दूरच्या खेड्यातला मालक भरत होता आणि त्यातून ईस्ट हॅममधले छप्पर शाकारले जात होते. ‘सरकारी मदत’ म्हणताना आपल्याला अनुदान आठवते. हा प्रकार सक्तीच्या भिशीला सरकारने जामीन राहण्यासारखा होता. ज्याने वर्गणी भरली तो मालक आयोगाकडे उपकार मागायला जात नसे, हक्क मागायला जात असे, आणि आयोगही त्याला दयेपोटी काही देत नसे. दोन्ही बाजू पै-पैचा हिशेब करत.

आता आपल्या पत्रातील ‘कॉस्ट ऑफ वर्क्स’ या शब्दांकडे वळू, कारण अख्ख्या पत्रात सर्वांत बोलके शब्द हेच आहेत. आयोग घरांसाठी मुख्यतः दोन प्रकारे पैसे देई. घर दुरुस्त करण्याजोगे असेल तर दुरुस्तीचा प्रत्यक्ष, वाजवी खर्च मिळे. तो हा प्रकार. घर ‘पूर्ण नुकसान’ या वर्गात गेले, म्हणजे दुरुस्तीला येणारा खर्च दुरुस्तीमुळे वाढणाऱ्या किमतीपेक्षा अधिक ठरला, तर मालकाला घराच्या किमतीत झालेली घट रोख मिळे. त्याला ‘व्हॅल्यू पेमेंट’ म्हणत. ही घट ३१ मार्च १९३९ च्या किमतींवरून मोजली जाई आणि पुढे तीत ४५ टक्के वाढ देण्यात आली.

या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक होता. दुरुस्तीवाल्याला त्या दिवशीच्या बाजारभावाने खर्च मिळे. पूर्ण नुकसानवाल्याला मात्र युद्धापूर्वीच्या किमतीवर ४५ टक्के, आणि तोवर बांधकामाचा खर्च तर युद्धापूर्वीच्या दुपटीपलीकडे गेलेला. साहजिकच अनेकांनी पैसे घेतले आणि भूखंड सोडून दिला. ओळीतल्या जुन्या घरांच्या मधोमध अचानक १९५० च्या दशकातली सपाट, चेहरा नसलेली दोन घरे किंवा नगरपालिकेचा छोटा ब्लॉक दिसतो, तिथे बहुधा हीच कथा असते. आपल्या पत्रात ‘कॉस्ट ऑफ वर्क्स’ आहे, म्हणजे आपले घर जुनेच आहे, दुरुस्त केलेले आहे, आणि आयोगाच्या दृष्टीने ते वाचवण्याजोगे होते.

८७ पौंड या आकड्यावरूनही थोडे अनुमान करता येते, फक्त ते ताणू नये. युद्धापूर्वी अशी घरे काही शे पौंडांत मिळत. १९४९ च्या चढ्या दरांत ८७ पौंडांत दर्शनी भिंत नव्याने उभारली गेली असेल असे मला वाटत नाही; छपराचा काही भाग, दोन-तीन छते, खिडक्या आणि सामाईक भिंतीचा वरचा तुकडा एवढ्यात हा आकडा बसतो. परंतु एकाच घरासाठी वेगवेगळ्या वेळी एकाहून अधिक बिले मंजूर होत असत. आपल्या हाती आलेले पत्र शेवटच्या हप्त्याचेही असू शकते, तेव्हा ‘नुकसान फक्त ८७ पौंडांचे होते’ असा निष्कर्ष काढू नका.

१९५१ च्या खरेदीखतातील कलमाविषयी आपण काळजी करू नये. दुरुस्तीचा खर्च ज्याने केला त्याला ती रक्कम मिळे, आणि पूर्ण नुकसानीची रक्कम नुकसानीच्या वेळी जो मालक होता त्याला. त्यामुळे मधल्या काळात घर विकले गेले की, हक्क कोणाकडे राहणार हे खतात लिहून घेण्याची पद्धत पडली. १९५१ च्या विक्रेत्याला त्याचे पैसे आधीच मिळाले होते किंवा मिळायचे होते, म्हणून त्याने ते कलम घातले. १९६४ च्या कायद्याने उरलेली प्रकरणे गुंडाळण्याची व्यवस्था झाली आणि आयोगाचे काम इनलँड रेव्हेन्यूकडे, म्हणजे करखात्याकडे, सोपवण्यात आले. आज त्या योजनेखाली आपण कोणाकडे काही मागू शकत नाही आणि कोणी आपल्याकडे काही मागू शकत नाही. आपल्या सॉलिसिटरकडून हे एका ओळीत लिहून घ्या, म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकेचाही प्रश्न उरणार नाही.

नकाशाचा गोंधळ तर अगदी सोपा आहे. तो नकाशा लंडन काउंटी कौन्सिलच्या वास्तुविशारद विभागाने १९१६ च्या ऑर्डनन्स सर्व्हेच्या पानांवर हाताने रंगवून तयार केला: पूर्ण उद्ध्वस्त घरांना काळा रंग, दुरुस्तीपलीकडच्यांना जांभळा, गंभीर नुकसानीला लाल छटा, स्फोटाच्या धक्क्याने झालेल्या सर्वसाधारण नुकसानीला नारिंगी, किरकोळ नुकसानीला पिवळा, आणि उडत्या बॉम्ब व रॉकेटच्या जागी वर्तुळे. पण तो फक्त त्या कौन्सिलच्या हद्दीचा आहे. ईस्ट हॅम तेव्हा एसेक्समधील स्वतंत्र काउंटी बरो होते. ते १९६५ मध्ये वेस्ट हॅमसह न्यूहॅम झाले आणि तेव्हाच लंडनच्या कारभारात आले. गोदीच्या उंबऱ्यावर असलेल्या या वस्तीने प्रचंड मार खाल्ला, तरी त्या नकाशात तिचा मागमूस नाही. हॅरो, वेम्ब्ली, क्रॉयडन इथल्या आपल्या मंडळींचीही हीच फसगत होते. गल्ली नकाशात नाही म्हणून घर निर्धोक, हा समज मी निदान पंधरा ग्राहकांच्या तोंडून ऐकला आहे. आपल्यासाठी न्यूहॅमचा स्थानिक इतिहास विभाग आणि क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारातील बॉम्ब गणनेचे नकाशे हे मार्ग आहेत. घरागणिक आयोगाची फाईल मात्र सहसा मिळत नाही, कारण नमुन्यादाखल थोड्याच जपल्या गेल्या.

दुरुस्ती प्रत्यक्षात कशी होत असे हा यातला खरा महत्त्वाचा भाग आहे. पहिला टप्पा प्रथमोपचाराचा, आणि त्याला इंग्रजीतही हाच शब्द होता. बॉम्ब पडल्यावर नगरपालिकेची माणसे येत, उघड्या छपरावर ताडपत्री बांधत, काचा गेलेल्या खिडक्यांना डांबरी कागद किंवा पुठ्ठा ठोकत, लोंबकळणारा गिलावा पाडून टाकत. हेतू एवढाच की, माणसे आत राहू शकावीत आणि पाऊस आत येऊ नये. दुसऱ्या टप्प्यात घर राहण्याजोगे करायचे, आणि पूर्ण दुरुस्ती युद्धानंतर. १९४४ च्या उन्हाळ्यात उडते बॉम्ब आणि सप्टेंबरपासून रॉकेट येऊ लागली तेव्हा, आधी दुरुस्त झालेली घरे पुन्हा मोडली. मी पाहिलेल्या काही घरांत एकाच छतावर तीन वेळच्या दुरुस्तीचे थर आहेत.

युद्ध संपले तरी साहित्याची टंचाई संपली नाही. लाकूड परदेशातून यायचे आणि त्यासाठी डॉलर लागायचे. खासगी बांधकामाला परवाना लागे आणि ही परवानापद्धत १९५४ पर्यंत टिकली. आयोग ‘नुकसानीपूर्वी होते तसे’ करण्याचा वाजवी खर्च देई. त्याहून चांगले करायचे असेल तर फरक मालकाच्या खिशातून. आता मालकाच्या जागी उभे राहून पाहा. यातली बरीच घरे भाड्याने दिलेली होती. भाडी १९३९ च्या कायद्याने गोठवलेली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका कायद्याने युद्धनुकसानीची दुरुस्ती करण्याच्या करारातल्या जबाबदारीतून मालक आणि भाडेकरू दोघांनाही मुक्त केलेले. मग आयोग जितके देईल त्यापलीकडे एक शिलिंग तरी मालक कशाला घालेल? आणि कंत्राटदार मंजूर रकमेत जे बसेल, आणि मुख्य म्हणजे वखारीत जे मिळेल, तेच वापरणार. यात कोणाची लबाडी होती असे मला म्हणायचे नाही. लाखो घरे थोड्या वर्षांत पुन्हा राहती झाली, हे त्या व्यवस्थेचे मोठेच यश मानावे लागेल. पण ‘पूर्वी होते तसे’ हे शब्द आकाराला लागू होते. आतली ताकद पूर्वीइतकी राहिली की नाही हे पाहण्याची उसंत कोणाला नव्हती.

हा धडा मी स्वतः चुकून शिकलो. उमेदवारीच्या पहिल्या वर्षी आग्नेय लंडनमधल्या एका घराच्या कागदांत ‘युद्धातील सर्व नुकसान दुरुस्त’ असे शिफारसवजा वाक्य होते. मी ते अहवालात जसेच्या तसे उतरवून ठेवले आणि माळ्याच्या झडपेतून नुसती मान आत घालून खाली उतरलो. माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्याने अहवाल वाचला, काही बोलला नाही, फक्त विजेरी हातात देऊन मला परत पाठवले. त्या वेळी नीट वर चढलो. शेजारच्या घराशी असलेली सामाईक भिंत छताच्या पातळीपासून साधारण कमरेइतक्या उंचीपर्यंत लंडनच्या जुन्या पिवळट-तपकिरी विटांची होती, चुन्याच्या मसाल्यात बांधलेली. तिथून वर एकदम गुलाबी विटा आणि राखाडी, कडक सिमेंट. धुराड्याच्या बांधकामाशी ही नवी भिंत दातेरी जोडाने गुंफायला हवी होती. ती नुसती टेकवून उभी केली होती आणि मधल्या फटीत माझी चार बोटे सहज जात होती. वाशांपैकी निम्मे जुने, जाड आणि काळपट, निम्मे हडकुळे. त्यातल्या एका वाशाला हिरवा रंग आणि त्यावर एखाद्या दुकानाच्या पाटीची अर्धी कापलेली सोनेरी अक्षरे. कुठल्या तरी पडलेल्या दुकानाची फळी उभी चिरून छपराला लावलेली. त्या सुताराचे मला आजही कौतुक वाटते, पण ते छप्पर मी पास केले नाही.

पुढची गंमत अशी की, त्या हडकुळ्या वाशांवर मूळची वेल्श स्लेट, म्हणजे पातळ दगडी कौले, होती तोवर काही बिघडले नव्हते. नंतरच्या कुणा मालकाने स्लेट काढून काँक्रीटची कौले घातली. स्लेटचे वजन चौरस मीटरला साधारण २५ ते ३० किलो भरते, काँक्रीटच्या कौलांचे ४५ ते ५०. छप्पर मधोमध वाकले होते आणि वाशांच्या पायथ्याने दर्शनी भिंतीचा माथा बाहेर ढकलला होता. म्हणजे बॉम्बने केलेले नुकसान, टंचाईतली दुरुस्ती आणि तीस-पस्तीस वर्षांनंतरचा अविचार अशी तिघांची भागीदारी. अशा घरांत दोष क्वचितच एकाच साली घडलेला असतो.

आपल्या घरात मी काय पाहीन ते आता सांगतो. सर्वांत आधी माळा, कारण खालच्या खोल्यांना दर दहा वर्षांनी कोणी तरी रंग देतो, माळ्याला कोणी देत नाही. सामाईक भिंतीत विटेचा रंग बदलतो का ते पाहावे. पीटरबरो आणि बेडफर्ड परिसरातल्या ‘फ्लेटन’ विटा गुलाबी असतात आणि भट्टीत एकमेकींवर आडव्या-उभ्या रचल्यामुळे त्यांच्या अंगावर फिकट पट्टे उमटतात. एखादी तुटकी वीट पडलेली असली तर तिच्या खोबणीत ‘फॉरप्रेस’ अशी अक्षरेही सापडतात. मात्र एवढ्यावरून निकाल देऊ नये. या स्वस्त विटा १९०५ च्या आधीपासून लंडनमध्ये येत होत्या आणि न दिसणाऱ्या भिंतींत मूळ बांधकामातही वापरल्या जात. खरी साक्ष मसाला देतो. किल्लीच्या टोकाने ओरखडा काढा. चुन्याचा मसाला भुरभुरतो, सिमेंटचा हू की चू करत नाही. विटेचा रंग आणि मसाला दोन्ही एकाच रेषेवर बदलत असतील तर ती दुरुस्तीची रेषा समजावी, आणि मग त्या रेषेवर जोड कसा घेतला आहे हेच पाहावे.

त्यानंतर दर्शनी भिंत. स्फोटाची लाट आधी ढकलते आणि लगेच मागे ओढते. या ओढीने काचा रस्त्यावर पडत, स्लेट उचलली जाई आणि भिंत आतल्या बांधकामापासून किंचित सुटे. ज्या घरांत जमिनीच्या तुळया एका सामाईक भिंतीपासून दुसरीपर्यंत जातात, तिथे दर्शनी भिंतीला त्यांचा आधारच नसतो आणि तिला पोट येते. ओळंबा लावून हे मिनिटभरात कळते. आतून पाहिले तर खिडकीच्या बाजूच्या कोपऱ्यात, भिंत आणि छत यांच्यामध्ये, पुन्हा पुन्हा भरलेली फट दिसते. थोडे पोट शंभर वर्षांच्या घराला चालते. ते वाढते आहे का, हा प्रश्न आहे. आणि गरज पडली तर भिंत तुळयांना स्टीलच्या पट्ट्यांनी बांधून घेता येते. ते काम घर सोडून द्यावे एवढे मोठे नसते, पण किमतीच्या बोलणीत ते जरूर यावे.

छतांकडेही लक्ष द्या. मूळची छते लाकडी पट्ट्यांवर चुन्याच्या गिलाव्याची होती आणि धक्क्याने तीच सर्वांत आधी कोसळली. त्यांच्या जागी प्लास्टरबोर्ड, लाकडाच्या लगद्याचे बोर्ड आणि कधी कधी अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे लागले. खोलीत छताला सांध्यांवरून बारीक लाकडी पट्ट्या मारलेल्या दिसल्या, तर नमुना प्रयोगशाळेत तपासून घेतल्याशिवाय त्यात एक खिळासुद्धा ठोकू नका. हा खर्च किरकोळ आहे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. लंडनमधल्या प्रत्येक भेगेचे खापर हिटलरवर फोडण्याची इथे एक जुनी रीत आहे आणि विक्रेत्यांना ती फार सोयीची वाटते, कारण ‘बॉम्बची भेग’ म्हटले की ती जुनी, थांबलेली आणि जवळपास अभिमानाची गोष्ट होते. पुष्कळ भेगा नंतरच्या असतात: १९७६ च्या दुष्काळात चिकणमाती आकसल्याने पडलेल्या, झाडांच्या मुळांमुळे झालेल्या, किंवा तळमजल्यावरची भिंत काढून खोली मोठी करताना आलेल्या. ईस्ट हॅमच्या दक्षिण भागात नदीकाठचा गाळ आहे, तिथे घर खचण्याची कारणे आणखी वेगळी. भेगेच्या कडा धारदार आणि आतून स्वच्छ असतील तर ती ताजी. कडा बोथट आणि आत रंगाचे थर असतील तर जुनी.

मेव्हण्यांच्या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही असेही नाही. आयोगाकडे तांत्रिक कर्मचारी होते आणि ते मोठ्या कामांवर नजर ठेवत. पण त्यांची नजर मुख्यतः दोन गोष्टींवर असे: हे नुकसान खरोखर शत्रूच्या कारवाईचे, किंवा शत्रूला परतवताना झालेले आहे का, आणि मागितलेली रक्कम वाजवी आहे का. विमानविरोधी तोफेचा गोळा परत खाली पडून छप्पर फुटले तरी तो दावा मान्य होई, आणि वर्षानुवर्षे कुजलेला वासा त्याच बिलात घुसडला तर तो कापला जाई. सार्वजनिक पैशाचे रक्षण म्हणून ही तपासणी चोख होती. धुराड्याशी भिंत गुंफली की नुसती टेकवली, हे १९४९ मध्ये एवढ्याशा बिलासाठी कोणी माळ्यावर चढून पाहिले असेल यावर मी तरी पैज लावणार नाही.

आपण शेवटी ओझरते विचारले आहे की, आज असे काही झाले तर काय. घराच्या नेहमीच्या विम्यात युद्धाची जोखीम आजही वगळलेली असते, आणि ‘युद्ध’ या शब्दाची लांबी किती, हे इंग्लंडमधल्या एक्सटर शहरात दिसले. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे दुसऱ्या महायुद्धातला, १९४२ मध्ये पडलेला, एक हजार किलोचा न फुटलेला जर्मन बॉम्ब सापडला. तज्ज्ञांनी तो जागीच नियंत्रित स्फोटाने नष्ट केला आणि आसपासच्या इमारतींचे नुकसान झाले. विद्यापीठाच्या वसतिगृहांचा दावा विमा कंपनीने नाकारला आणि २०२३ मध्ये आधी उच्च न्यायालयाने व नंतर अपील न्यायालयाने कंपनीची बाजू उचलून धरली; जवळपास ऐंशी वर्षांपूर्वी टाकलेला बॉम्ब हे नुकसानीचे एक निकटचे कारण आहे, असे ठरले. १९४१ ची योजना तर कधीच बंद झालेली. म्हणून विमा घेताना न फुटलेल्या जुन्या बॉम्बविषयी आपली पॉलिसी काय म्हणते हे लेखी विचारून घ्या. शक्यता अत्यल्प आहे, पण गोदीजवळ घर घेणाऱ्याने विचारण्यात काही वावगे नाही.

थोडक्यात क्रम असा ठेवा: कलमाविषयी सॉलिसिटरचे एका ओळीचे उत्तर, मग नेहमीचे मूल्यांकन न घेता इमारतीचे सविस्तर सर्वेक्षण, आणि करारावर अंतिम सह्या होण्यापूर्वी सर्वेक्षकाला ‘माळ्यावर पूर्ण चढून दोन्ही सामाईक भिंती पाहाव्यात’ अशी लेखी सूचना. १९४९ चे ते पत्र त्याच्या हातात द्या. कुठे शोधायचे हे त्याला त्यावरून कळेल. पुढच्या भेटीत विक्रेत्याने परवानगी दिली तर आपणही विजेरी घेऊन वर जा आणि दोन्ही सामाईक भिंतींची, विशेषतः धुराड्याच्या दोन्ही अंगांची छायाचित्रे काढा. जवळून काढा, विटेबरोबर सांधाही दिसला पाहिजे, आणि मापासाठी बाजूला एखादे नाणे धरा. ती इथे टाकलीत तर पाहून कळवीन.